चार कड्या

आई भाकरीचं पीठ मळत होती. वरून काहीतरी परातीत पडलं आणि तिचा हात थांबला.

"सुकू, हे बघ रे काय."

मी ताटावरून उठून गेलो. पिठात बोटभर लांबीचा लाकडाचा तुकडा पडला होता, काळपट आणि ओलसर. दोन बोटांत धरून दाबला तर त्याचा भुगा झाला. मी वर पाहिलं. मागच्या भिंतीत शिरणाऱ्या छताच्या कड्यांची टोकं काळी पडली होती, आणि एका कडीचं लाकूड भिंतीपाशी सुटून लोंबत होतं.

"सिस्टरच्या मोरीखालीच आलंय," आई म्हणाली. "त्यांना सांग, त्या कोपऱ्यात जाऊ नका म्हणावं. आणि सिद्राम मिस्त्रीला बोलावून आण."

ही १९८३ सालची, दिवाळीनंतरची गोष्ट. मिरजेत नदीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं जुनं दुमजली घर होतं. खाली दोन खोल्या, वर एकच लांबलचक खोली. वरची जमीन सगळी लाकडाची होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सतरा सागवानी कड्या आणि त्यांच्यावर जाड फळ्या. खाली राहणाऱ्या आम्हांला त्या कड्या म्हणजेच छत. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती. खाली आई, माझा धाकटा भाऊ आणि मी राहत होतो, वर सिस्टर.

त्यांचं नाव एस्तेर साळवे, पण गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. माझ्या जन्माच्या आधी त्या आमच्याकडं भाड्यानं राहायला आल्या, त्या तिथंच. गल्लीतल्या कुणाला इंजेक्शन घ्यायचं असलं, कुणाच्या पोराला ताप आला, की माणसं आमच्या जिन्यानं वर जायची. वडिलांच्या शेवटच्या आजारात रोज दोन वेळा त्या खाली यायच्या. आणि मी डिप्लोमाला असताना माझा ड्रॉइंग बोर्ड त्यांच्याच खोलीत असायचा, कारण खाली उजेड नव्हता आणि भाऊ दंगा करायचा. त्या खाटेवर बसून विणकाम करायच्या, मी जमिनीवर पालथा पडून रेघा मारायचो. माझा निकाल लागला तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. "आमचा इंजिनिअर," म्हणायच्या.

सिद्राम मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. सिस्टर बाजारात गेल्या होत्या. आम्ही मोरीच्या कडेच्या तीन फळ्या उचकटल्या. मोरीच्या फरशीची सांध उघडी पडली होती आणि वर्षानुवर्षं तिथून पाणी झिरपत होतं. मिस्त्रींनी पहिल्या कडीच्या टोकाला पटाशी लावली. हातोडीचा घाव घालायची वेळच आली नाही, नुसत्या हाताच्या जोरानं पटाशी आत गेली. दुसरी तशीच. तिसरी, चौथी तशीच. पाचवीला लावली तर पटाशी अडली. मग ते गुडघ्यांवर सरकत सरकत खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मधेमधे एखादी फळी उचलायची, हात घालून कडीवर हातोडीनं ठोकायचं, कान देऊन ऐकायचं, असं चाललं होतं.

"चार गेल्यात बगा," ते परत येऊन म्हणाले. "त्याबी टोकालाच, हातभर. बाकीच्या तेरा हाडागत हायत. अजून शंभर वर्सं काय होत न्हाई त्यास्नी."

"मग काय करायचं?"

"खालनं टेकू द्यायचा. सडल्यालं हातभर कापून काढायचं, दोनी बाजूंनी नव्या सागाच्या पट्ट्या लावून आरपार बोल्ट मारायचं. भितीत जाणाऱ्या टोकाला डांबर. मोरीचा सांदा नीट करून घ्या, मंजे परत पानी उतरायचं न्हाई. आठ दिसांचं काम. बाईंनी खाट तिकडच्या अंगाला घेतली तरी चालंल. घर सोडायचं कारन न्हाई."

मी म्हणालो, "सगळीच जमीन काढून नव्यानं केली तर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कशापायी?"

मी कड्यांवर बसून राहिलो. खाली परातीवर आईचे हात दिसत होते.

मला उत्तर माहीत होतं. महिन्यापूर्वी माझं लग्न ठरलं होतं, जयसिंगपूरच्या पद्मजाशी. तिचे वडील घर पाहायला आले होते. खालच्या दोन खोल्या पाहून झाल्यावर त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "पोरं राहणार कुठं?" मी म्हणालो, "वर." ते म्हणाले, "वर भाडेकरू आहेत ना?" आणि मी म्हणालो, "त्या जाणार आहेत." तसं काही ठरलेलं नव्हतं. सिस्टरना मी एका शब्दानं विचारलेलं नव्हतं. विचारायचं तर समोर बसून म्हणावं लागलं असतं, की तुम्ही माझ्यासाठी तुमचं घर सोडा. ते मला जमत नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर कायद्यानं मला काहीच करता आलं नसतं, हेही मला ठाऊक होतं.

जिन्यात सिस्टरच्या चपलांचा आवाज आला. पांढरं पातळ, हातात भाजीची पिशवी. वरच्या पायरीवर त्या थांबल्या आणि उचकटलेल्या फळ्यांकडं पाहू लागल्या.

"बरंच सडलंय का रे?"

मी सडक्या कडीतून मूठभर लाकूड ओढून काढलं आणि त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी तळहात पुढं केला. मी तो भुगा त्यांच्या हातावर ठेवला.

"सगळ्या अशाच आहेत," मी म्हणालो. "सतराच्या सतरा. वरून कळत नाही, आतून पोकळ झाल्यात. कधी खाली येईल सांगता येत नाही. सगळी जमीन उतरवावी लागेल."

त्यांनी हातावरच्या भुग्याकडं पाहिलं, मग मिस्त्रींकडं.

"मिस्त्री, खरंच इतकं झालंय?"

सिद्राम मिस्त्री पटाशीचं पातं धोतराला पुसत होते. ते पुसतच राहिले. मीच बोललो.

"यात मिस्त्रींना काय कळणार, सिस्टर. ते सांगितलेलं काम करतात. हिशेब मी करून पाहिलाय. एवढं वजन या कड्या घेणार नाहीत."

"किती दिवस लागतील?"

"तीन महिने. फार तर चार. झालं की तुम्ही परत या."

त्या पदरानं हात पुसत म्हणाल्या, "तू इंजिनिअर आहेस. तू म्हणतोस म्हणजे तसंच असणार."

आईनं ऐकलं तेव्हा ती घाबरली. वर सिस्टर आणि खाली आपण, इतकी वर्षं कशी काढली म्हणाली. तिनं माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. सामान बांधायला तिनंच मदत केली.

आठवड्यानं सिस्टर त्यांच्या भाचीकडं, रूथकडं राहायला गेल्या. स्टेशनच्या पलीकडं तिचं दीड खोलीचं घर होतं. सिस्टरची खाट तिथं व्हरांड्यात पडदा लावून टाकली. हे मी पाहिलं, कारण हातगाडीबरोबर मीच गेलो होतो. रूथचा नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "परत यायचं लिहून दिलं तर बरं होईल." मी काही बोलायच्या आत सिस्टर व्हरांड्यातून म्हणाल्या, "त्याच्याकडून लिहून काय घ्यायचं? तो माझ्या डोळ्यांसमोर वाढलाय."

सिद्राम मिस्त्रींनी काम सुरू केलं. मी आजवर पुष्कळ बांधकामं पाहिली, पण इतकं नेटकं काम थोडंच पाहिलं असेल. स्वयंपाकघरात टेकू लावून त्यांनी चारही कड्या दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर उचलल्या. सडलेले तुकडे एका रेषेत कापून काढले. नव्या पट्ट्या अशा बसवल्या की जोडात पोस्टकार्डसुद्धा शिरलं नसतं. नऊ दिवसांत काम संपलं. त्या काळात ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

शेवटच्या दिवशी मी म्हणालो, "मिस्त्री, बाकीच्याही फळ्या काढून ठेवा. भिंतीला लावून उभ्या करा."

"चांगल्या फळ्या कशापायी उचकटायच्या?"

"मला पाहिजेत म्हणून."

त्यांनी हत्यारं पिशवीत भरली. "ते तुमी करा, साहेब. मला सांगू नका."

ते गेले. पुढं अनेक वर्षं ते मिरजेत होते, पण माझ्या हाताखाली त्यांनी पुन्हा कधी काम केलं नाही. मी निरोप पाठवला की दुसऱ्या कुणाचं तरी नाव सुचवायचे.

त्या शनिवारी मी सुट्टी काढली आणि स्वतःच्या हातांनी फळ्या उचकटल्या. खोलीभर कड्यांचा नुसता सांगाडा उरला. मग सांगलीहून एक माणूस आणून खालच्या बाजूनं हार्डबोर्डचं छत मारून घेतलं, त्याला चुना दिला. आईला म्हणालो, धूळ पडू नये म्हणून. खरं म्हणजे खालून पाहिलं तर जुन्या तेरा कड्या तशाच दिसल्या असत्या.

सिस्टर दर रविवारी येऊ लागल्या. चर्चमधली उपासना संपली की दोन मैल चालत यायच्या. आईजवळ बसून चहा घ्यायच्या, गल्लीतल्या पोरांची चौकशी करायच्या. मग हळूहळू जिना चढून वरच्या पायरीवर उभ्या राहायच्या आणि उघड्या सांगाड्याकडं पाहायच्या. मी पाठोपाठ जायचो.

"काय म्हणतंय काम?"

"लाकूड यायचंय अजून. चांगला साग मिळत नाही."

"बरं." त्या तिथंच थांबायच्या. माझ्याकडं बघायच्या. "आणखी काही सांगायचंय?"

"नाही. लाकूड आलं की सुरूच करतो."

"बरं," म्हणून त्या खाली उतरायच्या.

पुढच्या रविवारी तेच. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. दर वेळी मी नवं कारण शोधून ठेवायचो. लाकूड आलं पण ओलं निघालं. मिस्त्री गावाला गेले. मला रजा मिळत नाही. आणि दर वेळी त्या ऐकून घेऊन विचारायच्या, "आणखी काही?" म्हाताऱ्या माणसाची सवय असेल, असं मी धरून चाललो. मला रविवार नकोसा झाला. मार्चमध्ये मी रविवारी सकाळी मुद्दाम साइटवर जाऊ लागलो. तरीही त्या येतच होत्या. आई सांगायची, "सिस्टर आल्या होत्या. तुझी वाट बघून गेल्या."

एप्रिलमध्ये मी फळ्या परत ठोकून घेतल्या, पॉलिश मारून घेतलं, नवीन दिवे लावले. आईला वाटलं, काम पुरं झालं. ती म्हणाली, "आता सिस्टरना सांगायला पाहिजे." मी म्हणालो, "लग्नाच्या गडबडीत कशाला? पाहुणे उतरायला जागा लागेल. नंतर बघू."

लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. सिस्टर लग्नाला आल्या, मागच्या रांगेत बसल्या, जेवून गेल्या. पद्मजा आणि मी वर राहू लागलो.

पुढच्या रविवारी दुपारी चारच्या सुमाराला त्या घरी आल्या. मी बाहेर जायला निघालो होतो, पण दारातच गाठ पडली. त्यांच्या हातात स्वतः विणलेली निळी शाल होती, पद्मजासाठी. पद्मजा खाली आली, पाया पडली. आईनं चहा टाकला. आम्ही चौघं त्या छोट्या खोलीत होतो. मी भिंतीला टेकून उभा होतो.

आईला राहवलं नाही. "सिस्टर, जमीन झाली बघा कधीच. मी सुकूला म्हणतेय, तुम्हांला बोलवायला पाहिजे. ह्यांची सोय आपण खाली करू कशीतरी. मी आणि धाकटा स्वयंपाकघरात झोपू. तुम्ही कधी येताय ते सांगा."

पद्मजानं चमकून माझ्याकडं पाहिलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या वडिलांना मी सांगितलेलं तेवढंच तिला माहीत होतं, की वरच्या बाई जाणार होत्या, आणि त्या गेल्या.

आता त्या बोलणार आणि सगळं उघडं पडणार, असं मला वाटलं.

सिस्टरनी कप खाली ठेवला.

"अगं, सुकूनं सांगितलं नाही का तुला?" त्या आईला म्हणाल्या. "मीच त्याला म्हटलं होतं फेब्रुवारीत. आता जिना झेपत नाही मला. गुडघे गेले. रूथकडं सगळं खालीच आहे. मीच म्हटलं, तुझं लग्न होतंय, तू राहा वर. मला आता नको."

"मला बोलला नाही," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "एवढी वर्षं राहिलात तुम्ही."

"तो लाजतो सांगायला," सिस्टर म्हणाल्या. मग पद्मजाकडं वळून म्हणाल्या, "खोली चांगली आहे. सकाळी ऊन येतं पूर्वेकडनं. खिडकीशी बस वाचत."

पद्मजा उठली आणि पुन्हा त्यांच्या पाया पडली.

त्या निघाल्या तेव्हा मी त्यांना पोहोचवायला म्हणून रस्त्यापर्यंत गेलो. गुडघे गेलेली बाई झपाझप चालत होती. वळणावर पानपट्टीच्या पुढं त्या थांबल्या. मी म्हणालो, "सिस्टर, मी..."

"सिद्राम त्याच संध्याकाळी माझ्याकडं आला होता," त्या म्हणाल्या. "तू माझ्या हातात भुगा ठेवलास ना, त्या संध्याकाळी. पायरीवर बसला आणि म्हणाला, बाई, चारच गेल्यात, आठ दिवसांचं काम आहे, मला तोंडावर बोलता आलं नाही. बिचारा फार कष्टी झाला होता."

मी विचारलं, "मग तुम्ही गेलात तरी का?"

"तुला खोली हवी आहे हे मला दिसत नव्हतं? तुझं लग्न ठरलं तेव्हाच मी मनाशी म्हटलं होतं, हा आता विचारेल. काय उत्तर द्यायचं याचाही विचार करून ठेवला होता. पहिल्यांदा भांडले असते थोडी. मग गेले असते." त्या शांतपणे बोलत होत्या, औषध कधी घ्यायचं ते समजावून सांगावं तशा. "तू विचारलं नाहीस. मला वाटलं, सामान हलेपर्यंत सांगशील. मग वाटलं, काम चालू असताना सांगशील. म्हणून येत राहिले. दर रविवारी तुला विचारत होते ना मी?"

मी मान खाली घातली. बाजूनं एक टांगा गेला, त्याला वाट देण्यासाठी आम्ही दोघंही कडेला सरकलो.

"मी आईला सांगतो," मी म्हणालो. "आत्ता जाऊन सांगतो. पद्मजालाही."

"नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "आता नाही सांगायचं. त्या मुलीला त्या खोलीत संसार करायचाय. तिच्या डोक्यावर हे कशाला? आणि आईचा तुझ्यावर जीव आहे. सांगायची वेळ होती तेव्हा सांगितलं नाहीस. आता गप्प बसायचं."

त्या गेल्या. त्यानंतर त्या आमच्या घरी कधीही आल्या नाहीत.

मी गप्प बसलो. बारा वर्षं गप्प बसलो आणि सिस्टरचा शब्द पाळतो आहे, असं स्वतःला सांगत राहिलो. ते फार सोपं होतं. आई गेली ती सिस्टरचं नाव घेत गेली. रूथच्या व्हरांड्यात इंजेक्शनला फारसं कुणी येत नाही, सिस्टर दिवसभर पडद्याआड बसून असतात, असं कानावर यायचं. मी तिकडं फिरकलो नाही. जायची ती पद्मजा. दिवाळीला फराळ घेऊन, नाताळला केक घेऊन, दोन्ही मुलांना घेऊन. मुलांना ती सांगायची, "ह्या आजींनी स्वतःचं घर आपल्याला दिलं." पाहुण्यांत, लग्नकार्यांत, जिथं माणसांच्या मोठेपणाचा विषय निघेल तिथं ती सिस्टरची गोष्ट सांगायची. मी बाजूला बसलेला असायचो. लोक माझ्याकडं बघून मान हलवायचे, आणि मीही हलवायचो.

१९९६च्या जानेवारीत सिस्टर वारल्या. आम्ही दोघं दफनाला गेलो. दफनभूमीत जुन्या नर्सेस होत्या, आमच्या गल्लीतली पाच-सात माणसं होती. पाठीमागं लांबवर, काठी टेकून सिद्राम मिस्त्री उभे होते. माझी नजर गेली तेव्हा त्यांनी दुसरीकडं तोंड केलं. माती देऊन झाल्यावर पद्मजा रूथजवळ गेली. तिचे हात हातात घेऊन रडत रडत म्हणाली, "त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आपल्या तोंडातला घास द्यावा तशी त्यांनी मला खोली दिली."

रूथनं तिच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. मी ओळखलं. तरी ती काही बोलली नाही. सिस्टरनी तिच्याकडूनही शब्द घेतला असणार. पद्मजाच्या पाठीवरून हात फिरवत ती माझ्याकडं पाहत राहिली, बस इतकंच.

फाटकाबाहेर येऊन आम्ही रिक्षाची वाट पाहत एका पारावर बसलो. ऊन डोक्यावर आलं होतं. पद्मजा डोळे पुसत होती. मी सांगायला सुरुवात केली. कड्या सतरा होत्या आणि गेल्या होत्या चारच, इथपासून. भुग्याचं सांगितलं, उचकटलेल्या फळ्यांचं सांगितलं, रविवारांचं सांगितलं, पानपट्टीपुढचं बोलणं सांगितलं. एक रिक्षा येऊन थांबली, मी रिक्षावाल्याला हातानंच जायला सांगितलं.

सगळं सांगून झाल्यावर मी म्हणालो, "तुझ्या वडिलांनी विचारलं होतं, पोरं राहणार कुठं. मला काही सुचलं नाही."

"वडिलांनी विचारलं होतं," पद्मजा म्हणाली. "मी नव्हतं विचारलं."

"पण केलं ते तुझ्यासाठीच."

"जयसिंगपूरला आम्ही दोन खोल्यांत नऊ जण होतो," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली होता. "लग्न झाल्यावर बहीण आणि मेहुणे चार वर्षं स्वयंपाकघरात झोपत होते. मीही झोपले असते. काही वाटलं नसतं मला. मला कुणी विचारलं होतं का?"

ती फाटकाकडं बघत पुढं बोलू लागली.

"बारा वर्षं मी त्यांच्या पाया पडतेय. त्यांनी एकदाही पाय मागं घेतला नाही. किती जड गेलं असेल त्यांना."

तिनं पदर नीट केला आणि ती उठली. मला वाटलं, रिक्षा पाहायला उठली. पण ती वळून फाटकातून आत गेली. ताज्या मातीपाशी रूथ अजून उभी होती. पद्मजा तिच्याजवळ गेली आणि काहीतरी बोलू लागली. इतक्या लांबून मला ते ऐकू येत नव्हतं. मी पारावरून उठलो, फाटकापर्यंत गेलो आणि बाहेरच उभा राहिलो. तिनं मला आत बोलावलं नाही.